ताईत सुटेपर्यंत

२ जानेवारी, गुरुवार
आजऱ्याहून टपालाने आले: तांब्याचा ताईत १, अंगाऱ्याची पुडी १. दक्षिणा ५०१, टपाल ४५. ताईत देणारे आण्णा फोन ठेवत नाहीत, सगळे पत्रावर. चिठ्ठीत लिहिलंय, एक्केचाळीस दिवस दंडावरून काढू नये. ह्यांचे पोट दुखते ते थेट पाठीपर्यंत, वजन सात किलो उतरले. शिवरात्रीपर्यंत ठणठणीत होतील.

८ जानेवारी
राजारामपुरीतल्या डॉक्टरांना सोनोग्राफीत गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही. म्हणाले, उद्याच एमआरआय करा, पित्ताची नळी कशाने दबलीय ते कळेल. उपाशी यायचे. उद्या गुरुवारच, उपासही पदरात.

९ जानेवारी, दुपार
एमआरआय झाला नाही. सेंटरमधल्या बाई म्हणाल्या, काकू, आत मोठं लोहचुंबक हाय, धातू चालत न्हाय, ताईत काढा की. आठवाच दिवस, कसा काढू? हे म्हणाले, सोड की, बाहेर आलो की परत बांध. म्हणजे व्रत पहिल्यापासून! परत आलो. रिक्षात म्हणाले, ताईतासाठी मला उपाशी माघारी आणलंस व्हय? तेहेतीसच दिवस राहिले. यंत्र काय पळून जातंय?

२४ जानेवारी
डोळे जरा पिवळे. पपई बंद केली. लेक क्रांती आली ती दारातूनच ओरडत, आई, बाबांच्या डोळ्यास्नी हळद लागलीया, तुला दिसंना व्हय? कात्री घेऊन दोरा कापायला निघाली. मी ह्यांचा दंड धरून बसले. ह्यांनीच तिला गप्प केले. शिकलेल्यांना धीर नाही.

३ फेब्रुवारी
अंगाला खाज, झोप नाही. दोन घास भात. खाज म्हणजे रोग बाहेर पडतोय. आठच दिवस.

११ फेब्रुवारी
एक्केचाळीस पूर्ण. एकही खाडा नाही. दंड बारीक झाल्याने मधे दोनदा दोरा आवळावा लागला, तेवढेच.

१२ फेब्रुवारी
एमआरआय झाला. पाऊण तास आत. त्याच बाई होत्या. ह्यांच्या मोकळ्या दंडाकडे बघितले.

१४ फेब्रुवारी
स्वादुपिंडात गाठ. मोठ्या रक्तवाहिनीला विळखा घातलाय म्हणे, आता कापता येत नाही. महिन्यापूर्वी कदाचित कापता आली असती. डॉक्टरांनी विचारले, तेव्हा का नाही केलात? हे म्हणाले, मलाच त्या यंत्राची भीती वाटली.


१५ फेब्रुवारी
आण्णांना कार्ड. मजकूर:
सा. न. वि. वि. व्रत सांगितल्याप्रमाणे पार पडले. एकच विचारायचे आहे. मधे पाऊण तास ताईत काढून परत बांधला असता, तर चालले असते का? उलट टपाली कळवावे.