उतारावरचे सरळ गज

२ जुलै
मलकापूरच्या वरच्या वाडीत जाऊन आले. पाऊस मधूनमधून. घरांच्या मागच्या उतारात गेल्या वर्षी ठोकलेले लोखंडी गज एकूण एक ताठ. जमीन खाली सरकायला लागली की गज कलतो, दोन गजांमधलं अंतर बदलतं. माझ्या दरडींच्या संशोधनाचा सगळा डोलारा या एवढ्या साध्या गोष्टीवर. टेप लावली. काही म्हणजे काही बदल नाही. सुरुवातीला एकदा एक गज कलला होता, तो बैलाच्या धक्क्यानं असं ठरलं; तेव्हापासून हेच. मला चक्क कंटाळा आला, आणि मग त्या कंटाळ्याची लाज वाटली. खाली माणसं राहतात. काही घडू नये म्हणून तर...
जेवण हौसाक्काकडं. तिचं घर सगळ्यात वर, उताराला पाठ लावून. माझ्यासाठी बिनलसणाचं पिठलं वेगळं. आम्ही जैन, कांदा-बटाटाही नाही, हे कळल्यावर पहिल्या दिवशी म्हणाली होती, "जमिनीखालचं खात न्हाईसा, आणि दिवसभर जमिनीखालचंच बघतासा!" नवरोबांनी, म्हणजे अजितनं, हे शाहूपुरीतल्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलंय.

५ जुलै
सकाळी कॉलेजात प्रॅक्टिकल, दुपारी तालुक्याच्या कचेरीतून फोन. पावसाळ्यापुरत्या कोणत्या वस्त्या खाली आणायच्या ते ठरवताहेत. साहेब म्हणाले, "तुमचा उतार शांत आहे ना? मग या वाडीला हलवायची गरज नाही?" म्हटलं, नाही. चहा पीत पीत म्हटलं.

११ जुलै
लिहवत नाही, तरी लिहिते.
परवा बेंदूर झाला. बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग अक्कानं माझ्या गजांना फासलाय. दुरून बघून हसूच फुटलं. "सणाचं त्येनीच का उघडं ऱ्हावं?" म्हणाली. फोटो काढून अजितला पाठवला. मग टेप घेऊन वरच्या गजापाशी वाकले. बुडाची माती पावसानं थोडी धुपली होती. आतही लाल. बोटानं उकरलं. आणखी खाली, तिथंही लाल. जमिनीत रुतलेल्या भागाला रंग लागेलच कसा?
"अक्का, हा गज कुणी उपसला होता?"
"मीच की. कलला हुता, म्हणून उपसून रंगवला आणि परत ठोकला. तुमी येणार म्हटलं की सरळ करून ठेवतो न्हवं दर बारीला."
दर बारीला!
"बैल अंग घासतोय त्येला. मागं एकदा कललेला बघून तुमचं तोंड उतरलं, दोन घास बी खाल्ला न्हाईसा. म्हटलं, बाईस्नी वाटायचं, ह्यास्नी चार गज संबाळता येत न्हाईत."
डोंगर हलवल्याचं खापर आपल्या माथी आलंय याचा बैलाला पत्ता नव्हता. रवंथ करत बसला होता. मी मात्र ओरडले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. अक्का पळी हातात धरून नुसती उभी. तिच्या नवऱ्यानं, दाजींनी, खाली मान घालून आणखी सांगितलं. गोठ्याच्या वरच्या अंगाला भेग पडली होती. बैलाचा पाय अडकेल म्हणून दगडमाती घालून बुजवली.
न जेवता उतरले.

१२ जुलै
कचेरी उघडायच्या आधी दारात जाऊन उभी. साहेब म्हणाले, "म्हणजे अभ्यास चुकला म्हणायचा?" हो म्हटलं. वाडी हलवा, आजच. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, माणसं कामाला लावली. एवढं बरं झालं.
घरी अजित: "पण तू त्यांना काय सांगितलं होतंस? गज कलला तर हात लावू नका, असं?"
नाही. गज ठोकले त्या दिवशी म्हणाले होते, "यांची काळजी घ्या हं." घेतली त्यांनी.

१३ जुलै
वाडी उतरतेय. खालच्या शाळेत सोय केलीय. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या, कुणाचा टीव्ही घोंगड्यात गुंडाळलेला. अक्का हलायला तयार नाही. म्हैस गाभण, अगदी टेकलेली.
"उतरायची कशी ती? पाय घसरला तर दोन जीव जातील."
"आणि डोंगर घसरला तर?"
"कालच्यागत वरडू नगासा."
काल नव्हे, परवा. पण चूक काढायचं माझं तोंड नव्हतं. म्हटलं, अक्का, चुकलं माझं. तिनं ताट वाढलं. पिठलं, भाकरी. पहिल्याच घासाला रडू कोसळलं. ती म्हणाली, "जेवा आदी, मग रडा." मला ही बाई फार आवडते. कामासाठी जाते, रीडिंगसाठी जाते, हे म्हणायला ठीक आहे.
म्हशीचं काय करायचं ते मात्र दोघींनाही सुचलं नाही. फोनवर अजितला सांगितलं, तर म्हणाला, "सकाळी येतो."

१४ जुलै
अजित दुकान बंद ठेवून आला, गाडीत रिकामी पोती कोंबून. जिथं जिथं पाऊलवाट निसरडी तिथं पोती अंथरली, वर गवत पसरलं. दाजी पुढं दावं धरून, मागं दोघं शेजारी दोर ताणून. अक्का म्हशीच्या कानाशी सारखी बोलत होती. "हळू गं बाय माजी. कुटं घाई न्हाय आपल्याला." मी वरच्या उताराकडं बघत होते, आणि मला एवढी घाई आयुष्यात कधी झाली नव्हती.
म्हशीनं अजितच्या पँटवर शेणाचा सडा घातला. हुपरीच्या चांदीवाल्यांचा जावई, इस्त्रीशिवाय बाहेर न पडणारा.  तो अंथरलेली पोती गोळा करत राहिला.
संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात म्हशीला रेडी झाली. म्हैस चाटतेय, अक्का म्हशीला कुरवाळतेय. अजितनं हळूच विचारलं, दिवस मावळायच्या आत जेवायचं आहे ना तुला? भूकच नव्हती. बरं वाटत होतं नुसतं.

१९ जुलै
उघडीप बघून दाजींबरोबर भराभर वर जाऊन आले. गज पुन्हा कललेत. लाल रंगामुळं लांबूनच कळतं. भेगही पुन्हा तोंड उघडून. दाजी भेगेकडं बघत राहिले, मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "बैल न्हवताच की वो." फार वेळ थांबलो नाही.
अक्काचा रोज सकाळी फोन. "आज जाऊ वर?" मी म्हणते, आज नको.

२७ जुलै
पाऊस ओसरला. डोंगर आहे तिथंच. शाळेत लोक कातावलेत, बाईनं उगाच घाबरवलं म्हणताहेत. बरोबरच आहे, व्हरांड्यात किती दिवस काढणार? आज अक्कानं सरळ विचारलं, "बाई, खरं सांगा. डोंगर पडावा वाटतोय व्हय तुमाला?"
नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वतःला पुन्हा विचारलं. गज, भेग, सगळं माझ्या बाजूनं बोलतंय, आणि माझी इच्छा एवढीच की मी खोटी ठरावी. डोंगर पुढच्या पावसात पडू नये, त्याच्या पुढच्याही, कधीच. पण असं कचेरीला कसं कळवायचं? "उतार धोक्याचा आहे, आणि देव करो मी चुकीची असो"?

३ ऑगस्ट
सकाळी अक्काचा फोन. "आज जाऊ?" विचारलंच नाही. रेडी कशी दूध ओढते ते सांगितलं, अजितच्या पँटची चौकशी केली. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाली, "वड्याच्या पल्याड पावण्यांची जागा हाय. देतो म्हणत्यात. ह्यास्नी पसंत हाय. पर म्या म्हटलं, बाई येऊन बघूदेत. तुमी हुं म्हटलासा तर बांधू घर. न्हाय म्हटलासा तर न्हाय."
रविवारी येते म्हटलं. फोन ठेवला आणि टेप पिशवीत भरली.
अजित विचारत होता, काय गं, वर काही झालं का? म्हटलं, नाही. अक्का घर बांधतेय. जमीन कशी आहे ते मी सांगायचं आहे.