हिरीच्या उगवतीला

मुरगूड, सोमवार, माघ महिना, १९९८

संध्याकाळी नात सुजाता कॉलेजातनं गावाचा जुना नकाशा घेऊन आली. तांबड्या रेघा म्हंजे चढउतार, निळी म्हंजे ओढा. माझं लगीन झालं त्या सालचा हाय म्हणं.

मी म्हटलं, "शाळंमागची हीर दाव."

"आज्जे, ती न्हाईच की ह्यात. मागनं खणली असंल. एकच हीर हाय, ओढ्याच्या वळणावर."

"नीट बघ. डोळं फुटलं काय?"

"तूच बघ की. ही वळणावरची मागनं बुजवली. तिथं आता बाजार भरतोय."

मी त्या वळणावर बोट ठेवलं. माझी पहिली पोरगी तीन महिन्यांची होऊन गेली. तान्ही म्हणून जाळली न्हाई, पुरली. बायकांनी जायचं नसतं. मालक एकटेच घेऊन गेले. आल्यावर एवढंच बोलले, हिरीच्या उगवतीला ठेवली, परत इचारू नगंस. न्हाई इचारलं. आता इचारावं तर तेबी न्हाईत.

तवा मी नवी सून, उंबऱ्याभाईर पाय न्हवता; मागनं ठावं झालेली हीर एकच, शाळंमागची. दर वर्साला तिच्या उगवतीला वाटीभर दूध ओतून येत होते. कुत्री प्याली असतील. असू दे, कुणाच्या तरी पोटात गेलं.

सुजाताला काय सांगितलं न्हाई. नकाशा तेवढा ठेवून घेतला.

वळणावरच्या हिरीची उगवत म्हंजे मिरच्यावाली बसती तीच जागा. तिच्याम्होरं उकिडवं बसून किती वर्सं घासाघीस केली मी, तीबी त्वांड वाजवून.

उद्या बाजार हाय. घरात मिरची न्हाई. बसू कशी तिथं?