मोडायचा राहिलेला हाका

२४ डिसेंबर १९७८, मोरपहाडी

पोचले बाई एकदाची! हाडं खिळखिळी झाली आहेत, पण जागेवर आहेत. नागपूरहून साकोली, साकोलीहून एकोडी, दोन्ही एसट्यांत उभ्याने. शाळेत मुलींना 'ताठ उभ्या राहा' म्हणून ओरडत असते, त्याचा सूड एसटीने घेतला. पुढे केवळरामची बंडी. केवळराम म्हणजे मी उतरले आहे त्या वनखात्याच्या बंगल्याचा चौकीदार. बैलांपेक्षाही कमी बोलतो.

वाट मात्र डोळे निववणारी. धान कापून झालेलं, बांध्यांमधून पुंजणे रचलेले, आणि एका तलावाच्या काठाला सारसांची जोडी अगदी निवांत चरत होती. मग चढ सुरू झाला. साग, बांबू, तेंदू, आणि वर आल्यावर एकदम मोकळं पठार. छातीएवढं वाळलेलं गवत, त्याच्या पलीकडच्या टोकाला एकच मोठं मोहाचं झाड, आणि डावीकडे कडा. सुटीचे दिवस डोंगर तुडवायचे, पाखरं बघायची आणि कोणाच्या बापाचं ऐकायचं नाही, असा बेत आहे.

बापाचं नाव निघालंच. अण्णा श्रावणात गेले. त्यांचं कपाट आवरताना दुर्बीण निघाली आणि ती शिट्टी. पितळेची, एका बाजूला चेपलेली, तोंडाशी त्यांच्या दातांच्या खुणा. ती गळ्यात घालूनच निघाले. शिकारीवर बंदी यायच्या आधी अण्णा या पहाडीवर येत. घरी आम्हा भावंडांना घेऊन हाक्याचा, म्हणजे रान उठवून जनावर बंदुकीपुढे आणण्याचा, खेळ मांडायचे. अण्णा पलंगावर, म्हणजे मचाणावर, आम्ही हाकेवाले. लांब शिट्टी वाजली की डबे बडवत पलंगाखालून रांगायचं. तुटक-तुटक वाजली की हाका मोडला, लाडू खायला या. इथला जखमी वाघ कसा निसटला हेही ते रंगवून सांगत. जीप थेट मचाणाखाली लावली, टपावर उतरलो, पायाला माती न लागता नागपूर गाठलं! पाहुणे हसून लोळायचे. एवढं कौतुक, पण ते इथे परत कधी आले नाहीत. का, ते कधी विचारलं नाही.

अण्णांचीच शिकवण, की दिसेल ते तिथल्या तिथे लिहावं. घरी येऊन लिहिलं की पाखरांची पिसं बदलतात. म्हणून ही वही कमरेच्या पिशवीतच असणार.

वर पोचताना, गवत सुरू होतं तिथे, वाटेच्या कडेला दगडांचा ढीग लागला. केवळरामने बंडी थांबवली, उतरून एक दगड त्यावर ठेवला. वाघाने मारलेल्या माणसाची जागा म्हणे. येणाऱ्या-जाणाऱ्याने गोटा टाकायचा असतो. मी बंडीतून उतरले नाही. कंबर मोडली होती.

२५ डिसेंबर

स्वयंपाकाला धुरपता नावाची बाई येते. पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळं. काल तुसड्यासारखी वागली. आज सकाळी चहा देताना तिची नजर माझ्या गळ्याकडे गेली आणि ती तिथेच खिळली. शिट्टी हातात घेऊन तिने उलटीपालटी केली, चेपलेल्या जागी अंगठा फिरवला. कुठली म्हणून विचारलं. वडिलांची, ते इथे शिकारीला यायचे, असं मी ऐटीत सांगितलं. वडील कसे आहेत, हेही तिने विचारलं. गेले म्हटल्यावर शिट्टी सोडून ती चुलीकडे वळली.

त्यानंतर बाई एकदम लोण्यासारखी! दुपारी लाखोळीची डाळ, गरम भात, जवसाची चटणी, वर झिंग्यांचं कालवण. आग्रह करकरून वाढलं. मला वाटलं, माणसाला जुनी ओळख निघाली की किती बरं वाटतं.

जेवण झाल्यावर तीच म्हणाली, "बाई, कड्यावर उभ्या राहून वाजवा न ते शिट्टी. लंबी वाजवा. लय डाव वापस येते." गेले. छाती भरून लांब शिट्टी फुंकली. काय तो प्रतिध्वनी! दरीतून फिरून फिरून येत राहिला. लहान मुलीसारखी पुन्हा पुन्हा वाजवली. धुरपता मागे उभी राहून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिची माया वाटली.

उतरत्या उन्हात खालच्या रानातून टक-टक आवाज येत होता. सुतारपक्षी म्हणावा तर फार संथ. लाकूडतोडे असतील.

२६ डिसेंबर

पहाटेच कडा उतरून धबधब्याच्या कोरड्या पात्रापर्यंत जाऊन आले. हळद्या, स्वर्गीय नर्तक, शिवाय एक मोठं घुबड. पाय दुखतात, मन मात्र पिसासारखं झालं आहे.

टक-टक आजही आहे. काल एका जागी होता, आज वाटेच्या बाजूने चांगला लांबवर पसरला आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याने झाडांच्या बुंध्यांवर मारत यावं तसा. दुपारी व्हरांड्यात बसले असताना आधी गवतातली लाहुरी पाखरं उडाली, मग ससा, मग चितळांचा कळप. सगळे वाटेकडून आले आणि मोहाकडे पळाले. एक मादी माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंदेखील नाही. एरवी मी आनंदाने उडी मारली असती.

धुरपता भांडी घासत होती, तिला विचारलं. ती म्हणाली, हाका उठला की जनावर असंच पळतं. आता शिकारबंदीत कुठला हाका? ती हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं.

एक लक्षात आलं. ती रोज त्या ढिगावरून येते, पण गोटा टाकत नाही. मी तिला तसं चिडवलं. ती घासलेली भांडी उचलून आत गेली.

२७ डिसेंबर

आज केवळरामवर मी तोंड टाकलं, आणि आता ते राहून राहून आठवतं आहे.

दोन दिवस गावी गेलेला तो सकाळी धापा टाकत आला. शिट्टी कोणी वाजवली, कोणाच्या सांगण्यावरून वाजवली, असं मलाच दरडावून विचारू लागला. मी वाजवली म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "बाई, बंडी जुंपतो. आत्ताच्या आत्ता उतरा. सामान राहू द्या," म्हणाला. काहून, ते सांगेना. नुसता धुरपताकडे बघे. मला हुकूम सोडणारा हा कोण? चाळीस मुलींना एका नजरेत गप्प करणारी मी. सुटी संपेपर्यंत हलणार नाही, भीती वाटत असेल तर तू जा, म्हणून सुनावलं. तो खरोखरच गेला. बंडीचा आवाज उतारावर विरला.

दुपारपासून टक-टक थांबलेला नाही. आता त्यात डबे आहेत, डफ आहे, आणि माणसांचं हो-हो. कमान धरून येतात. दुर्बीण लावली. आवाज शंभर माणसांचा, पण गवताच्या कडेला दिसला एकच माणूस. डोक्याला लाल फडकं. हातातली कुऱ्हाड बुंध्यावर मारतो, एक पाऊल टाकतो, पुन्हा मारतो. मी ओरडले, हात हलवला. तो वर बघेना.

त्याच्या खांद्यापासून खाली काहीतरी बरोबर नाही. दुर्बीण पुसून पाहिलं. तरीही बरोबर नाही.

अण्णा म्हणत, हाकेवाल्याने रांग सोडायची नसते.

२८ डिसेंबर

वाट बंद आहे.

सकाळी सामान टाकून निघाले. ढिगापाशी पोचले तर दगड इतस्ततः पसरलेले, मधे जमीन उघडी. आणि समोरून टक. उजवीकडून टक. मी मागे सरले की ते पुढे. कड्याकडून उतरू पाहिलं, तिथेही. एकच बाजू मोकळी ठेवली आहे. मोहाची. हाक्यात तशीच ठेवतात. हे मला पलंगाखाली रांगतानाच शिकवलं होतं.

धुरपता व्हरांड्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी तिचे खांदे धरून गदागदा हलवले. तिने सूप बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही.

तो गोमाजी. तिचा नवरा. अण्णांच्या गोळीने वाघ जखमी होऊन या गवतात शिरला. अशा वेळी हाका मोडायचा असतो. जखमी जनावरावर माणूस घालत नाहीत. अण्णांनी मोहावरच्या मचाणावरून लांब शिट्टी मारली. पुढे चला. रांगेत गोमाजी सगळ्यांच्या पुढे होता. तो ओरडला तेव्हाही अण्णांनी पुन्हा लांबच मारली. मग जीप झाडाखाली आली. अण्णा टपावर उतरले आणि निघून गेले. हाका मोडलाच नाही. इथे रीत आहे, की ज्याने हाका उठवला त्यानेच तो मोडायचा. नाहीतर हाकेवाला रांगेतच राहतो.

पायाला माती न लागता. आम्ही किती हसायचो! अण्णा, तुम्ही आम्हाला लाडू दिलेत. मला तुमची किळस येते आहे, आणि तुम्ही हवे होतात असंही वाटतं आहे.

धुरपता म्हणाली, "सारे गोटे टाकतेत, त्यानं पडून राहाव म्हून. मी नाही टाकत. त्यानं काहून पडून राहाव? साहेबाची वाट पाहून राहिली होती मी. साहेब नाही आला, त्याची शिट्टी आली. त्याचं रक्त आलं."

मी तिच्या पाया पडले. माझा काय दोष, म्हणून रडले. "गोमाजीचा काय दोष होता?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

शेवटी तिने सांगितलं. शिट्टी मचाणावरून वाजवायची. तुटक-तुटक. मग साहेबाने खाली उतरायचं, गवतात पाय ठेवायचा, आपली माणसं बघायची. तीही रीतच आहे. तुझा बाप उतरला नाही, तू उतर. मंग तो सुटन.

मी सुटेन का, हे विचारायचं राहिलं.

२९ डिसेंबर, सकाळ

धुरपता नाही. चूल थंड. रांग अंगणाच्या कुंपणापाशी आली आहे. मी दार लावून आत — दारावरच टक.

निघते. मोहाकडे.

दुपार

मचाणावर. जुन्या फळ्या, अर्ध्या कुजलेल्या. हात सोलले. वर फांदीला एक जुना खिळा, अण्णांनी पाण्याची पिशवी टांगायला ठोकलेला असेल. इथून सगळं गवत दिसतं. तो लाल फडक्याचा — आणि त्याच्या पुढे गवत हलतं आहे. वारा नाही. काहीतरी मोठं, लंगडत.

हाका त्या वाघालाच घेऊन येतो आहे. माझ्याकडे.

शिट्टी ओठांना लावली. थुंकी नाही. पुन्हा —

वाजली. तुटक. तुटक. तुटक.

थांबलं! सगळं थांबलं. डबे, डफ, सगळं. गवत हलत नाही. कुठेतरी एक साधा बुलबुल बोलला. मी रडते आहे. गोमाजी, हाका मोडला. घरी जा. खरंच घरी जा.

तो झाडाखाली आला आहे. वर बघतो आहे. पहिल्यांदाच. चेहरा अर्धा — नाही लिहीत.

वाट बघतो आहे. मी उतरायची.

रीत आहे. अण्णा उतरले नाहीत, मी उतरेन. मी त्यांच्यासारखी नाही. शिट्टी खिळ्याला अडकवून ठेवते. ती पुन्हा गळ्यात नको. कधीच नको.

उतरले. पायाला माती लागली. बघ गोमाजी, पाय जमिनीवर आहेत. थंड आहे माती. बुंध्याला पाठ लावून लिहिते. तो कुठेच दिसत नाही. सुटला. सुटला असेल.

गवतापलीकडे, वाटेवर, धुरपता. पदर डोक्यावरून घेऊन उभी. हाक मारली. येत नाही. ती माझ्याकडे बघतच नाही. वर बघते आहे. झाडावर.

फळी करकरली. माझ्या डोक्यावर. फळ्यांच्या फटीत लाल फडकं.

मी तर खाली —

गवत हलतं आहे. जवळ. धुरपताबाई, त्याला सांगा, मोडला म्हणावं, मी मोडला, मी उतर —

वर शिट्टी. लांब.

लांब