कडेचे ट्रॅक

११ एप्रिल
माळ्यावरून रिळांचे दोन डबे काढले. कोपरीहून सतीशकाकांचा फोन आलेला. बाबांच्या बँडची अगदी पहिली, कॅसेट कंपनीने नाकारलेली सहा गाणी आता विनाइलवर निघणार. वागळे इस्टेटमधला स्टुडिओवाला निनाद काढतोय. कंपनीने तेव्हा म्हटलेलं, ड्रमवाला लेझीम वाजवल्यासारखा वाजवतो. सतीशकाका गायचे, ते बँडमध्ये राहिले. ड्रमवर बाबा होते, त्यांना बदललं. गाणी पुन्हा रेकॉर्ड झाली, कॅसेट निघाली, नाव झालं. बाबा कारखान्यात लागले. नाकारलेली रिळं तेवढी आमच्याकडे.
मी म्हटलं, आता लोकांना खरं ऐकू येईल. बाबा: "कोणाला पडलंय गं?" पण डबे स्वतः पुसले.

१३ एप्रिल
रिळांना बुरशी. निनाद म्हणाला, ओल धरलेली टेप आधी यंत्रात मंद तापवतात, मगच वाजवतात. रविवारी घेऊन ये. जेवताना घरी सगळं समजावलं. भाषणच. आई कौतुकाने ऐकत होती.

१५ एप्रिल
ऑफिसातून आले. गच्चीवर पापड, गोधड्या, आणि त्यांच्या शेजारी चादरीवर रिळं. डब्यातून काढून. दिवसभर.
आई: "तूच म्हणालीस ना, मंद तापवायची. बघ, वरून ओढणी घातलीय, ऊन कडक लागू नये म्हणून."
टेपच्या कडेवरून बोट फिरवलं. झालर झालीय.

१९ एप्रिल
वागळे इस्टेट, निनादचा स्टुडिओ. सतीशकाकांचा आवाज स्वच्छ. गिटार, बास स्वच्छ. ड्रम टेपच्या कडेच्या ट्रॅकवर होते, झालर झाली तिथेच. तिथे नुसती खरखर. सहाही गाण्यांत.
निनाद: "ड्रम नवे वाजवून घेऊ. डोंबिवलीचा एक ड्रमर आहे, भारी वाजवतो."
सतीशकाका: "ड्रम बदलायला तुझ्या बाबाची फक्त सही लागेल. नाव टाकू की, आभारात."
आभारात.

२० एप्रिल
आई: "वाचली ना गं गाणी? ऊन दाखवलं म्हणूनच." मी हो म्हणाले. ती लगेच शेजारी सांगायला गेली, तिची लेक शिकलेली आहे म्हणून घरातली वस्तू वाचली.
घरात पहिली पदवी माझी. अर्धवट ऐकलेलं ज्ञान मीच घरी आणलं, आणि आईच्या हातून…

२३ एप्रिल
आई बाजारात गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग, "तिला कळू देऊ नकोस."
थोड्या वेळाने: "मीच वाजवू का परत?" स्वतःच्या हातांकडे बघितलं. "नको. लेझीमच निघायचं." हसले. मला नाही जमलं.

२६ एप्रिल
संमतीचा कागद आलाय. उद्या द्यायचा. निनादने ड्रमची खरखर काढून गाणी मोबाइलवर पाठवली. बाबांनी ओळीने ऐकली. चौथ्या गाण्यात एकदम बोट वर केलं.
"इथे. इथे मी हात थांबवलेला. आठ मात्रा. सगळे ओरडले माझ्यावर. मी म्हटलं, इथे नाही वाजवायचं."
परत लावायला सांगितलं. गिटार एकटीच चालली होती.
"एवढं माझं तसंच आहे."
मग, "तो डोंबिवलीवाला थांबेल का गं इथे?"
निनादला मेसेज करून विचारलंय. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.
कागद टीव्हीपाशी, बाबांच्या चष्म्याखाली. पेन मी शेजारी ठेवलेलं. ते त्यांनी उचलून माझ्या पर्समध्ये परत ठेवलंय.