झऱ्याचं पाणी, जावेची जीभ

३ मार्च
भावजींच्या झऱ्याचं पाणी कॉलेजच्या लॅबमध्ये मीच तपासलं. कॅल्शियम कमी, बायकार्बोनेट बेताचं, लोह नाही. तीन संध्याकाळी गेल्या त्यात. आज त्या पाण्यात सोड्यासारखा गॅस भरून पहिल्या विकायच्या बाटल्या निघाल्या. गोव्याचे हॉटेलवाले चव घ्यायला आले, तर भावजींनी पुढे केलं कुणाला? सुलूला. त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. नववी नापास. म्हणते, "आधी जिभेर टोचता, मगे गोड लागता." पाहुण्यांनी लिहून घेतलं. माझा रिपोर्ट फाइलीतच.

५ मार्च
तेच वाक्य लेबलवर छापणार म्हणे. जेवताना आमचे हेही सुरू झाले, "सुलूची जीभ म्हणजे..." पुढचं ऐकलं नाही. एम.एस्सी. मी. बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवतेय.

९ मार्च
नव्या खेपेची बाटली उघडली. सुलू एक घोट घेऊन थांबली. "वयनी, ह्या पाण्याक लोखंडाची चव येता."
"रिपोर्टात लोह नाही. जिभेपेक्षा रिपोर्ट खरा." सगळ्यांसमोर म्हटलं; भावजी तेवढे नव्हते तिथे. ती बाटली ठेवून आत गेली. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१० मार्च
कणकवली. कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी नव्हतं. पर्समधून बाटली काढली. थोडं ॲसिड, लोह असेल तर लाल रंग देणाऱ्या थायोसायनेटचे थेंब. लाल. परत केलं. लाल. नुसतं झऱ्याचं पाणी घेतलं, रंगच नाही. म्हणजे मी झरा तपासला, बाटली तपासलीच नाही. गॅसने पाणी आंबट होतं, बाटल्या भरायच्या मशीनच्या जुन्या लोखंडी नळात साचलं की लोखंड खातं. हे मी दरवर्षी मुलांना शिकवते.
एसटीत डोकं दुखत होतं.

११ मार्च
सकाळी भावजींना एवढंच सांगितलं, "माल पाठवू नका. बाटलीत लोह आहे, मी तपासलं. नळ स्टीलचा घाला."
दुपारी पानावर भावजी म्हणाले, "वयनीनी वाचवल्यानी! बाटल्यो हाटेलात गेल्यो आसत्यो तर नाव गेला आसता." सुलू वाढत होती. एकदाच बघितलं माझ्याकडे. मग सुरमईची मोठी तुकडी माझ्या ताटात घातली. "घेवा, वयनी."
लोखंड आधी सुलूच्या जिभेने ओळखलं, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. घास गिळला.

१३ मार्च
नळ बदलला. सुलूने घोट घेतला. "आता बरां लागता."
भावजी तिच्यादेखत मला म्हणाले, "तुमी तपासून सांगा, मगेच धाडतंय."
तिने बाटली पदराने पुसून माझ्या हातात दिली आणि आत निघाली. मी हाक मारली, "सुलू..."
"काय, वयनी?" उंबऱ्यावर थांबली.
भावजी तिथेच उभे होते.