नवतप्यात वाळणारी नाव

पळसटोला, ता. सिंदेवाही
दि. १९ मे २००३

ती. स्व. केवळभाऊ यास धाकट्या अमरचा सा. नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. तू आणि गिरजावहिनी तिकडे भद्रावतीला बरे असाल असं धरून चालतो. आईचा गुडघा तसाच आहे, जीभ मात्र ठणठणीत. ऊन एवढं की दुपारी कुत्रंही मोरीतून उठत नाही. दोन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राचं उत्तर दिलं नाहीस, तरी मी लिहितोच. माझा निर्लज्जपणा तुला नवा नाही.

पत्रास कारण असं की मच्छीमार सोसायटीने आपली फायबरची नाव दुरुस्तीला काढली आहे. हो, तीच. दोन वर्षं शेडमागे पालथी पडून होती, बुडाला भोक तसंच. चोवीस तारखेला खात्याचे साहेब पाहायला येणार, म्हणून अध्यक्ष गुणवंतरावांना ती त्याआधी निळीशार करून हवी. काम माझ्याकडेच आलं, कारण मागच्या वेळी रंग मीच दिला होता. आठ दिवस पॉलिश पेपरने बूड घासतो आहे. ती पांढरी भुकटी अंगाला लागली की अंघोळ करूनही खाज जात नाही.

सोबतीला श्रावण असतो. झिंगूकाकाचा श्रावण. साहेब गेले की त्याच दिवशी नाव पाण्यात जाणार आणि वल्ह्यावर तोच बसणार. बापाचं फाटलेलं जाळं त्याने स्वतः सांधून ठेवलं आहे. त्याच्यासमोर मी मान वर न करता घासत राहतो.

मागच्या आठवड्यात चंद्रपूरहून प्रफुल नावाचा कारागीर येऊन गेला. फायबरच्या टाक्या, दरवाजे करतो. त्याने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कशानं फुटली म्हनता?"

"पाण्यातला खुंट लागला," गुणवंतराव म्हणाले. "केवळराम वल्हवत होता. ध्यान नव्हतं त्याचं."

गुणवंतराव शेडमध्ये गेल्यावर प्रफुल मला म्हणाला, "खुंट लागला असता त फायबर आत मोडलं असतं. हे त बाहेर निंगालं आहे. पदर पाह्य कसे सुटले, भिजल्या वहीवानी. नाव लय दिवस पाण्यात बुडून होती का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"अजूनई आतून ओली आहे हे. नवतप्याचे नऊ दिवस उन्हात वाळू दे, मंग मॅट आन् रेझिनचे नवे पदर मारू. वल्ल्या बुडावर रंग माराल त पुन्हा तेच होईन."

हे गुणवंतरावांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नवतपा पंचवीसले लागते, साहेब चोवीसले येते. भोकावर पत्रा ठोक आन् रंग मार."

भाऊ, आता थांबतो. आई हाक मारते आहे.

दि. २२ मे

आईने हाक मारली नव्हती. पत्र तीन दिवस पेटीत पडून होतं. उरलेलं आता लिहितो.

तू तेंदूपत्ता गोळा करायला फडीवर गेला होतास, त्या उन्हाळ्यात नाव माझ्या हवाली होती. बुडाला बारीक भेगा होत्या, पाणी झिरपायचं. सावलीत ठेव, आल्यावर पाहू, असं तू सांगून गेला होतास. मला वाटलं, यात पाहायचं काय? बाबांचा लाकडी डोंगा उन्हाने तडकला की ते त्यात दगड भरून पाण्यात बुडवून ठेवायचे. लाकूड फुगायचं, भेगा मिटायच्या. मी तसंच केलं. महिनाभर नाव तलावात बुडवून ठेवली. तू येण्याच्या आदल्या दिवशी वर काढली, ओल्यावरच गाड्यांना लावतात ती पुट्टी भरली आणि निळा रंग फासला. तू आलास, बुडावरून हात फिरवलास आणि म्हणालास, "बाबाचा हात आला तुले." आयुष्यात तू माझं एवढं कौतुक एकदाच केलंस.

इथवर माझा अडाणीपणा. ढिवराच्या पोराला लाकूड कळतं, फायबर नाही, असं म्हणून तूही सोडून देशील. पुढचं सोडता येणार नाही.

दिवाळीत नाव उलटी केली तेव्हा बुडावर फोड आले होते, भाजल्यावर येतात तसे. एक मी अंगठ्याने दाबला. आंबट वासाचं, चिकट पाणी आलं. तिथं बूड मऊ लागत होतं. तू वीस पावलांवर जाळं वाळत घालत होतास. तुला हाक मारायला मी तोंड उघडलंही होतं. पण मग तुझं ते कौतुक परत गेलं असतं. मी फोड पुसले आणि वरून रंगाचा एक हात दिला. माघात भर तलावात तेच बूड फुटलं आणि झिंगूकाका बुडून गेला.

सोसायटीच्या सभेत तू आधी म्हणालास, "पायाखालून गेली नाव." मग सगळे अंगावर आले, खुंट, खुंट म्हणायला लागले, तेव्हा खाली पाहून म्हणालास, "लागला असंन खुंट." मी दाराशी उभा होतो. तुला सोसायटीतून काढलं तेव्हाही तिथंच उभा होतो. आता तू कोळसा भरतोस, आणि वहिनी आईला सांगत होती की घरात मासा शिजू देत नाहीस.

काल सकाळी गुणवंतरावांनी रंगाचा डबा उघडून ब्रश माझ्या हातात दिला. श्रावण पलीकडून घासत होता. मी पेचकस घेतला आणि जिथं श्रावण बसणार, तिथं खालून टोचला. सहज आत गेला. पाणी आलं, तोच वास. मग सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तेवढं, फोडासकट.

गुणवंतराव म्हणाले, "झालं ते झालं. आता काऊन उकरून राह्यला? साहेब येऊन राह्यले."

श्रावण नावेला वळसा घालून माझ्याकडे आला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने डब्याला झाकण लावलं, वरून दगडाने ठोकून घट्ट केलं. मग मला विचारलं, "केवळभाऊले माईत आहे?"

"नाई."

"मंग मले काऊन सांगतं आधी? माहा बाप त मेला. तो जित्ता आहे. त्याले लिही."

आज तो पुन्हा आला आहे. आपल्या बाजूचं बूड घासतो, आतला आंबट चिकटा निघावा म्हणून साध्या पाण्याने धुतो. साहेबांना नाव आहे तशीच दाखवायची, हे त्यानेच गुणवंतरावांना बजावलं. नवतपाभर ती उन्हात राहील. उद्या मी त्याच्या आईकडे, सीताकाकूकडे जाणार आहे. सोबत येतोस का विचारलं, तर नाही म्हणाला. बरोबरच आहे त्याचं.

तू ये, असं म्हणायला मला तोंड नाही. पण आलास तर माझ्याकडे न पाहता आधी शेडमागे जा. भोकाची कड तशीच ठेवली आहे, नवतपा संपेपर्यंत कोणी तिला हात लावणार नाही. त्या कडेवरून बोट फिरव. ती बाहेर गेलेली आहे.

खुंट नव्हता, भाऊ. तू नीट वल्हवत होतास.

खाली 'तुझा' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता

अमर