खाऱ्या टाकीत साधं पाणी

आधी एक गोष्ट. माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं पाणी आटलं की वरून साधं पाणी घालायचं असतं, मिठाचं नाही. पाणी उडून जातं, मीठ जागेवरच राहतं. खुब्याचं हाड बसवायला इस्पितळात जाताना हे मी थोरल्या मुलाला सांगितलं होतं आणि त्याने "हो गं, कळलं" म्हणून मान डोलावली होती. परत आले तेव्हा टाकीतली पोवळी पांढरीफटक पडली होती.

आता रीतसर. मी, खाली सही करणारी बाई, विधवा, इस्पितळाच्या धोबीखान्यातून निवृत्त, शिक्षण चौथी नापास, डोकं ठिकाणावर आणि गुडघे कामातून गेलेले अशा अवस्थेत, कोणी धमकावलेलं नसताना आणि गोड बोलून गुंडाळलेलं नसताना, हे मृत्युपत्र लिहीत आहे. वकील म्हणाले, "आजी, मी नीट भाषेत करून देतो." मी म्हटलं, "तुमची भाषा माझ्या पोरांना कळली असती तर ती वकील झाली असती." कलमं तेवढी त्यांनी पाडून दिली. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी जे काही बोलले असेन ते रागात होतं, ते रद्द.

कलम एक. राहती खोली आणि स्वयंपाकघर थोरला आणि लेक यांचं निम्मं-निम्मं. मध्ये भिंत घालू नये, विकून टाकावं. एकत्र राहायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. लहानपणी एका पलंगावर झोपवलं तेव्हाच त्याचा निकाल लागला आहे.

कलम दोन. बँकेत फारसं काही निघणार नाही. टाकीचा दिवा, पंप आणि पाणी थंड ठेवणारं गारव्याचं यंत्र यांनी ते विजेच्या बिलातून खाल्लं. "म्हातारी मिठात पैसे घालते" असं सून शेजारी बोलली होती. बरोबर बोलली. उरलंसुरलं लेकीला, आणि माझी जड इस्त्रीही तिलाच.

कलम तीन. धाकट्या मुलाची हत्यारं जावयाला. त्याला सरळ खिळा ठोकता येत नाही, पण तो पेटी झाकून तरी ठेवील. ज्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात धाकट्याने फुप्फुसं झिजवली, त्याच्या मालकाला एक पानाही देऊ नये. आजारात तो भेटायला फिरकला नाही. धाकटा गेल्यावर मात्र पाना परत मागायला आला.

कलम चार, टाकी. टाकी धाकट्याची. गारव्याचं यंत्र त्याने जुन्या फ्रिजमधून काढून स्वतः जोडलं. शेवटी शेवटी कॉटवरून टाकीकडेच बघत पडायचा. म्हणाला, "आई, माझ्यामागे हिच्याकडे बघशील ना?" मी म्हटलं, "तुम्ही तिघं मला धड सांभाळता आला नाहीत, आता मासे?" तो हसला, मग खोकला. तेवढंच ठरलं.

मग मी शिकले. मीठ कालवून मुरू द्यायचं, काचेच्या नळीने खारेपणा मोजायचा, शेवाळ खरवडायचं. तरी काही ना काही मरायचंच. माशांचा दुकानवाला म्हणाला, "आजी, लहान टाकी मोठीपेक्षा कठीण. जरा चुकलं की सगळं बिघडतं." मी म्हटलं, "लहान घराचंही तसंच."

धोबीखान्यात उभा जन्म मी पांढरं करण्यात घालवला. तिथे पांढरं म्हणजे स्वच्छ. टाकीत पांढरं म्हणजे मेलेलं.

इस्पितळातून घरी आले तर मिठाची गोणी तळाला गेलेली. विचारलं, "मीठ कोणी घातलं?"

सून म्हणाली, "अहो आई, लाइट गेली होती ना, त्यानेच झालं असेल."

"मी तुला विचारलं नाही."

"ह्यांचं डोकं दुखतंय."

थोरला कपातल्या चहाकडे बघत बसला. पुन्हा विचारलं, पुन्हा सुनेलाच कंठ फुटला.

थोरला आळशी असता तर पोवळी वाचली असती. भावाची टाकी म्हणून तो रोज बस बदलून आला, रोज बादलीत मीठ कालवलं, रोज ओतलं. शेजारच्या शिंपिणीने दारातून पाहिलं आहे. कबूल केलं असतं तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि जेवायला वाढलं असतं. केलं नाही. आता येतो तेव्हा टाकीकडे पाठ करून बसतो, आणि येणंही कमीच झालं. एक पोरगा आजाराने नेला. दुसरा मीठ नेतंय.

टाकीत आता मुकादम उरला आहे. हा नारिंगी मासा, दिवसभर हद्द राखत फिरतो म्हणून हे नाव. आणि दगडामागे अंगठ्याएवढं एक पोवळं. ते जगेल असं मी म्हणत नाही. लेकीला टाकी हवी आहे. तिला मिळणार नाही. टाकी थोरल्याला, पण अगदी शेवटी लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं तरच. नाही दिलं तर मुकादम आणि पोवळं माशांच्या दुकानवाल्याकडे पोचवावं, टाकी भंगारात घालावी. मग थोरल्याला कुठल्याही बाजूला तोंड करून बसता येईल.

साक्षीदार:
शेजारची शिंपीण. चष्मा आहे, पण दिसायचं ते सगळं दिसतं.
धोबीखान्यातली माझी जोडीदारीण. वाचता येत नाही, सही येते. मजकूर तिला मी स्वतः वाचून दाखवला. ती म्हणाली, "फार लिहिलंस."

ठिकाण: टाकीसमोरचं टेबल.
तारीख: आजची. आकडे वकिलांनी घालावेत.

सही डावीकडे केली आहे. उजवीकडे जागा उरली, ती फुकट का घालवा: वाचन झाल्यावर वकिलांनी सगळ्यांसमोर विचारायचं, "मीठ कोणी घातलं?" आणि गप्प बसायचं, कितीही वेळ लागो. उत्तर थोरल्याने द्यायचं. सुनेने नाही.